लॉकचा पंचनामा

संगणकावर मराठी उमटवणाऱ्या ‘शब्दपालवी’ या सॉफ्टवेअरचा परवाना करार चौदा पानांचा आहे. शहापूर तालुक्यात तो वाचलेला माणूस मी एकटाच. यात हुशारीचा काही भाग नाही. १९९९ साली मी कुंडलिकमामांच्या दुकानात अक्षरजुळणीच्या कामाला लागलो तेव्हा पहिले चार दिवस वीज नव्हती, आणि दुकानात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कराराच्या तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की हे सॉफ्टवेअर एका वेळी एकाच संगणकावर वापरावं. तसं ते वापरलं जावं म्हणून कंपनीने सोबत एक लॉक दिलं होतं. लॉक म्हणजे काडेपेटीएवढा काळा ठोकळा, त्याच्या एका बाजूला पंचवीस पिना. हा ठोकळा संगणकाच्या पाठीत खोचला की पडद्यावर मराठी दिसायची. काढला की सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन.

मामांची एकुलती एक मुलगी रुपालीताई मुरबाडला दिलेली. तिनेही सासरच्या घराला लागून असलेल्या खोलीत असंच दुकान टाकलं होतं. बापलेकीने मिळून एकच सॉफ्टवेअर घेतलं, आणि मी तिसरं कलम वाचून दाखवल्यावर त्यांनी वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहापूर. मंगळवार, गुरुवार, शनिवार मुरबाड. रविवारी लॉक जिथे असेल तिथे विश्रांती घेई. ने-आण एस.टी.ने. आमच्याकडे एस.टी.ने औषधं जातात, जेवणाचे डबे जातात, एकदा एका आजोबांची कवळी गेलेली मी स्वतः पाहिली आहे. तसंच लॉक जाऊ लागलं. स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून, कंडक्टर धाऊकाकांच्या सीटखाली.

चार वर्षं असं चाललं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. एका वेळी एकच संगणक. आणि लॉक गाडीत असताना तर एकही नाही. म्हणजे रविवार सोडून रोज दोन तास आम्ही कंपनीने मागितलं होतं त्यापेक्षा जास्त प्रामाणिक होतो.

नवव्या कलमात लिहिलं होतं की लॉक नोंदवलेल्या पत्त्यावरून हलवू नये. ते मी मामांना वाचून दाखवलं नव्हतं. माझं वाचन तिथपर्यंत पोचलं आणि वीज आली.

२००३ साली, घटस्थापनेला आठ दिवस असताना, गुरुवारी सकाळी साडेआठच्या गाडीने मी लॉक मुरबाडला लावून दिलं. रबरबँड सापडेना म्हणून त्याच्याभोवती लाल वायरचा तुकडा बांधला. ताईला त्या दिवशी ते फार लागणार होतं. एका देवी मंडळाची अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका तिला मिळाली होती, तिचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, तिला सरळ सांगितलं होतं, “दसऱ्याच्या आत एक तरी मोठं काम करून दाखव. नायतर खोलीत खताच्या गोणी लावतो. गोणींना लायटीचं बिल तरी येत नाय.”

दहा वाजता दुकानात पुण्याहून एक बाई आल्या. हातात लॅपटॉपची बॅग, गळ्यात ओळखपत्र. शब्दपालवी कंपनीच्या परवाना तपासणी विभागाच्या देवस्थळी मॅडम.

“लॉक दाखवता?” त्या म्हणाल्या.

“च्या घ्या,” मामा म्हणाले.

“चहा झालाय. लॉक.”

“पाणी?”

“तेही झालंय.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर चौकोन होते.

“दुरुस्तीला दिलंय,” मामा म्हणाले.

“कुठे?”

“मुरबाडला.”

“मुरबाडला आमचा दुरुस्ती विभाग आहे?”

“चांगला हाय,” मामा म्हणाले.

मॅडमना राग आला नाही. त्यांना कुतूहल वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी एक फॉर्म काढला. आज पाच वाजेपर्यंत लॉक डोळ्यांनी पाहिलं नाही, तर ‘लॉक उपलब्ध नाही’ असं लिहावं लागेल, मग परवाना रद्द, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. “म्हणून मी तो विभागच बघून येते. कसं जायचं?”

तेवढ्यात फोन वाजला. धाऊकाका कुठल्यातरी बूथवरून बोलत होते.

“आदेश, तुझा डबा पकडला रे.”

“कोणी पकडला?”

“हवालदारांनी. किन्हवलीच्या पुढे फाट्यावर चौकी हाय ना, तितं. मुंबईसून सुट्टीवर आलेला एक पॅशिंजर व्हता, त्यानी सीटखाली हात घातला. उघडून बगला त लाल वायर नि खिळे. ओरडला ना तो! आता डबा शेताच्या मधी ठेवलाय नि आमी सगळे लांब उभे हाव.”

“मग सांगा ना तुमी, तुमचा हाय म्हणून.”

“बिननोंदीचं पार्सल नेलं म्हणून मेमो भेटंल मला. दीड वर्स राह्यलंय पेन्शनीला. मी कोणचा डबा वळखत नाय. तूच ये.”

मी मामांची एम-एटी काढली. मागे मॅडम बसल्या, मांडीवर लॅपटॉप. त्यांना वाटलं आपण दुरुस्ती विभागात चाललो आहोत. मला काय वाटत होतं ते सांगण्यासारखं नाही.

फाट्यावर एस.टी. रिकामी उभी होती. चौकीसमोरच्या भेंडीच्या शेतात, दोन सरींच्या मधे, आमचा डबा झाकण काढून ठेवलेला. मोरीच्या कामासाठी आणलेल्या वाळूच्या गोणी त्याच्याभोवती रचल्या होत्या. प्रवासी दूर एका बांधावर ओळीने उभे होते आणि फुकटची भेंडी तोडून पिशवीत भरत होते. महिन्याभरापूर्वीच मुंबईत स्फोट झालेले, माणसं गेलेली. त्यामुळे कोणी हसत नव्हतं. भेंडी तेवढी तोडत होते.

“काय आहे ते?” मॅडमनी विचारलं.

“डबा आहे,” मी म्हणालो. हे खरं होतं.

हवालदार विशे चौकीच्या पायरीवर बसले होते, गुडघ्यावर कोरा कागद. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

“कोन तू?”

“अक्षरजुळणी करतो. शहापूरला.”

“म्हंजे लिवता येतं. बस. आमचा लिहिणारा शिपाई रजेवर हाय. ठाण्याला कळवायचंय, मजकूर बिनचूक पायजे.”

असा मी माझ्याच डब्याचा पंचनामा लिहायला बसलो. डबा आमचा आहे हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मी गाडीत नव्हतो, मग डबा कोणी आणला, हा पुढचा प्रश्न होता. आणि बांधावरून धाऊकाका माझ्याकडे बघत हळूहळू मान हलवत होते.

चौकीच्या दारामागे एक परिपत्रक चिकटवलेलं होतं. विशेंनी ते मला बोटाने दाखवलं. सापडलेल्या वस्तूला चारपैकी एकच शब्द वापरायचा: बेवारस वस्तू, संशयास्पद वस्तू, बॉम्बसदृश वस्तू, स्फोटक. प्रत्येक शब्दापुढे लोकांना किती लांब न्यायचं ते मीटरमध्ये दिलेलं. दहा, पन्नास, शंभर, तीनशे.

“आधी मी स्फोटक लिवनार व्हतो,” विशे म्हणाले. “पन मोजून बगितलं. तीनशे मीटरात ही चौकीच येते. मंग मलाच उठून ओढ्यापल्याड जायला लागलं असतं. वायरलेस हितं, नि मी तितं. कळवनार कसा?”

“मग बेवारस लिहा,” मी फार सहज सुचल्यासारखं म्हणालो.

“अवो, बॉम्बसदृश लिहा!” बांधावरून आवाज आला. हा तो मुंबईहून आलेला प्रवासी. “मी डोळ्यांनी बगितलाय. बेवारस काय बेवारस? बेवारस छत्री असते!”

“बॉम्बसदृश लिवला की ठान्यासून पथक येतं,” विशेंनी मला समजावलं. “हात लावत नाय ते. लांबून पान्याचा फवारा मारून जाग्यावर फोडून टाकतात. बेस काम असतं.”

पाण्याचा फवारा. अठ्ठेचाळीस पानं. खताच्या गोणी.

एवढ्यात मॅडम परिपत्रकाजवळ जाऊन ते वाचू लागल्या होत्या. त्यांनी विचारलं, “आणि घडून गेल्यावर? त्यालाही असे ठरलेले शब्द असतात का?”

विशेंना असं कोणी कधी विचारलं नसावं. ते सावरून बसले. “असतात ना. स्फोट म्हंजे झाला येवडंच कळलं. बॉम्बस्फोट म्हंजे कशानी झाला ते कळलं. घातपात म्हंजे कोनीतरी केला, पन कोनी ते नाय कळलं. हल्ला म्हंजे कोनी ते कळलं, पन भेटत नाय.”

“हे परिपत्रकात आहे?”

“नाय. हे माजं. सतरा वर्सांचं.”

“आमच्याकडेही चारच आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि आपला फॉर्म काढून पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. “अनुपालन, अंशतः अनुपालन, अनवधानाने उल्लंघन, चाचेगिरी.”

“चाचेगिरी म्हंजे ते समुद्रातले?”

“तेच.”

“मंग ते खाडीकडच्या ठान्याच्या हद्दीत. आमच्या नाय.”

“तुम्ही शब्द कसा निवडता? शंका असेल तर?”

“बाई, वरचा शब्द लिवला नि काय निघालं नाय, त लोक हसतात. खालचा लिवला नि निघालं, त हसायला कोन ऱ्हात नाय. म्हनून मदला लिवायचा.”

मॅडमनी हे फॉर्मच्या मागच्या बाजूला टिपून घेतलं. मी पाहिलं.

मग विशेंनी त्याच गाडीने निघालेल्या जैतूबाबा मेंगाळांना बोलावलं. जैतूबाबा सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतले. वाडीतली पोरं रानडुकरासाठी गावठी बॉम्ब लावायची तेव्हा ते निकामी करायला वनखातं यांनाच नेई, त्यामुळे पंचक्रोशीत या विषयातले जाणकार तेच होते. ते गाडीला टेकून विडी ओढत होते. त्यांनी विडी विझवली, कानावर ठेवली आणि शेतात शिरले.

“लय जवल जाऊ नका!” विशे ओरडले.

जैतूबाबा डब्यापासून दोन हातांवर उकिडवे बसले. डोळे मिटून त्यांनी हवा ओढली. मग परत आले.

“काय?” विशेंनी विचारलं.

“वास नाय.”

“म्हंजे?”

“डुकराचा बॉम्ब पिठात गुंडालतात, नायतं चरबीत. वास आला पायजे. ह्याला कापसाचा वास हाय. डुक्कर याला तोंडपन लावनार नाय.”

“पण हा डुकरासाठी नसेल ना!” बांधावरचा प्रवासी म्हणाला.

“मंग कोनासाठी?” जैतूबाबांनी विचारलं. प्रवासी बांधावर दोन पावलं मागे सरला. तो गाडीतला एकटाच असा होता ज्याने डबा उघडला होता.

‘डुक्कर तोंड लावणार नाही असे जाणकाराचे मत’ हे मी पंचनाम्यात जसंच्या तसं लिहिलं, आणि विशेंनी वायरलेसवर ‘संशयास्पद वस्तू’ असं कळवलं. पलीकडून एक क्रमांक मिळाला, तो मी डाव्या कोपऱ्यात घातला. पाच मिनिटांनी वायरलेस परत बोलू लागला. एका शब्दात सांगा, बॉम्बसदृश आहे की नाही? पथक पाठवायचं की नाही? विशेंनी माइक हातात घेतला आणि ते डब्याकडे बघत राहिले. बांधावरचे पंचवीस-तीस लोक भेंडी तोडायचे थांबले.

तेव्हाच मुरबाडकडून एक टमटम आली आणि पुरती थांबायच्या आतच तिच्यातून रुपालीताई उतरली. गाडी दोन तास का आली नाही ते बघायला ती निघाली होती. तिने एस.टी. पाहिली, बांध पाहिला, मग भेंडीच्या शेतात उन्हात चमकणारा डबा पाहिला. पदर खोचून ती सरळ सरीत उतरली.

“ओ बाई! मागं व्हा!” विशे ओरडले. “कोनाचा हाय म्हायती नाय!”

“माझा हाय!” ताई ओरडली. तिने गोण्यांवरून वाकून डबा उचलला आणि झाकण पडलं होतं तिथून ते उचलून पुसून घेतलं. “चार वर्सं माझा हाय. मंगळवार, गुरुवार, शनवार!”

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

“आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार?” त्यांनी विचारलं.

“बाबांचा,” ताई म्हणाली. मग तिचं लक्ष ओळखपत्राकडे गेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

“थांबा,” विशे म्हणाले. “तुमी गाडीत नव्हता. मंग डबा आनला कोनी?”

बांधावरून टोपी काढत धाऊकाका खाली आले.

“मी. माझा जेवनाचा डबा हाय तो.”

“त्यात जेवन नाय.”

“म्हनून त आज उपाशी हाय, साहेब.”

विशेंनी ताईच्या हातातल्या डब्यात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिव. कंडक्टरच्या वैयक्तिक डब्यात.” वैयक्तिक डबा म्हणजे पार्सल नव्हे. धाऊकाकांनी टोपी घातली.

“पन ही वस्तू काय हाय ते सिद्ध झालं पायजे,” विशे म्हणाले. “नुसतं माझा हाय म्हनून चालत नाय. चालवून दाखवा.”

कोणाकडेच संगणक नव्हता. म्हणजे मॅडमकडे होता. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी थोडा विचार केला, लॅपटॉप पायरीवर ठेवला, ताईच्या हातातून लॉक घेतलं, लाल वायर सोडली आणि खोचलं. हवालदार, कंडक्टर, जैतूबाबा आणि मागून हळूहळू जवळ आलेले सगळे प्रवासी पडद्यावर वाकले. आधी काहीच नव्हतं. मग ‘शब्दपालवीत आपले स्वागत आहे’ असं आलं, खाली मामांचं नाव आणि शहापूरचा पत्ता.

“मराठीत हाय,” प्रवासी जरा हिरमुसून म्हणाला.

मी पंचनाम्यात लिहिलं: सदर वस्तू श्रीमती देवस्थळी यांच्या संगणकावर लावून खात्री केली. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की एका लॉकवर आता हा तिसरा संगणक झाला. “मॅडम, हे कुठल्या खान्यात जाईल?” मी विचारलं. खरंच, मला जाणून घ्यायचं होतं. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि लॉक उपसून विशेंच्या हातात दिलं.

विशेंनी वायरलेसवर ‘नाही, धोका नाही’ असं कळवलं. ताईने लॉक घ्यायला हात पुढे केला.

“ते नाय देता यायचं,” विशे म्हणाले. आणि ते खरंच ओशाळले होते. “एकदा नंबर पडला की वस्तू मुद्देमाल होते. ठान्यासून सोडायचं पत्र आलं पायजे. तोवर चौकीच्या भायेर जात नाय.”

“किती दिवस?”

“आठ. पंधरा.”

“घटस्थापना आठ दिवसांवर हाय, हवालदार!”

“मी काय करू, बाई? हितं ठेवायचं, येवडंच मला म्हायती.”

ताई पायरीवर बसली. मला वाटलं ती रडणार. ती चौकीच्या आत बघत होती. आत एक लांब बाक होता, वायरलेससाठी ओढलेली वेगळी लाइन होती, आणि भारनियमनाची वेळ असूनही पंखा फिरत होता.

“बाहेर न्यायचं नाय ना,” ती सावकाश म्हणाली. “आत वापरला तर?”

विशेंनी परिपत्रक पाहिलं. परिपत्रक यावर काही बोलत नव्हतं.

संध्याकाळी चारला त्याच टमटममधून ताईचा संगणक चौकीत आला. पुढचे आठ दिवस मंडळाची पुस्तिका पोलिसांच्या बाकावर जुळली. शहापूरचं कामही मी फ्लॉपीत भरून तिथेच आणू लागलो. आमच्याकडे लॉक नव्हतं, दुसरं करणार काय? विशे मुद्रितं तपासायचे. आरतीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर त्यांची मतं कडक होती. पुस्तिका घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गेली.

मॅडमनी त्या पहिल्या दिवशी पाचच्या आत फॉर्म भरला होता. त्या बाकाकडे बघत म्हणाल्या होत्या, “एक लॉक, एक संगणक, एक जागा. नऊ वर्षांच्या नोकरीत इतकं पूर्ण अनुपालन मी पाहिलेलं नाही. फक्त पत्ता बदलून घ्यावा लागेल.” ताईने सही केली. नवा पत्ता म्हणून मॅडमनी फाटा लिहिला, आणि संगणक थेट चौकीतच आहे हे कंपनीच्या कागदात नको म्हणून ‘पोलीस चौकीलगत’ असं घातलं.

दसऱ्यानंतर ठाण्याहून पत्र आलं. लॉक पोलिसांकडून सुटलं. आता ते मुरबाडलाही नेता येईना आणि शहापूरलाही, कारण कंपनीच्या दप्तरी ते फाट्यावरचं होतं, आणि मॅडम दर तीन महिन्यांनी येईन म्हणून सांगून गेल्या होत्या. त्यांना ती जागा आवडली होती.

चौकीलगत चहाच्या टपरीमागे एक खोली रिकामी होती. ताईने ती घेतली. शहापूर आणि मुरबाडच्या मधोमध असल्यामुळे दोन्हीकडची गिऱ्हाइकं येऊ लागली. मामा आठवड्यातून तीनदा यायचे आणि सवयीने सोमवार, बुधवार, शुक्रवारच यायचे.

दिवाळीच्या आधी एकदा दादा आले. दारात उभे राहून त्यांनी टमटमला हात करून थांबवून ठेवलं.

“चल घरी,” ते म्हणाले. “पुस्तिका बगितली मी. खोली तुझीच ऱ्हाऊ दे. गोणी मी पडवीत लावतो.”

“नाय जमणार, दादा,” ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “कंपनीचा नियम हाय. जागा बदलता येत नाय.”

“घरात मला कधी ‘नाय’ म्हनली नायस. आता कंपनीच्या जिवावर म्हनतेस?”

“चौदा पानी नियम हाय, दादा. वाचून दाखवू? आदेशला सगळं पाठ हाय.”

मी घसा साफ केला. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, नको म्हणून. मग त्यांनी टमटम सोडून दिली, आत येऊन लाकडी खुर्चीवर बसले.

“ही गिऱ्हाइकाची खुर्ची हाय,” ताई म्हणाली.

“मंग विचार ना,” दादा म्हणाले, “काय पायजे म्हनून.”